हरण्याचा हक्क



मागच्या व्याख्यानानंतर चहा चालू होता, तेव्हा कॉलेजातला एक मुलगा आमच्याजवळ आला. कबड्डी खेळतो. म्हणाला, "सर, हरलो तर हरलो, त्याचं काय वाटत नाही हो. पण खेळायला कोणी बोलावतच नाही, त्याचं काय?" आम्ही त्याला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि पाठीवर हात ठेवून वाटेला लावलं. घरी गेलो, जेवलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवू. तो तत्त्वज्ञानाचाच होता, हाही तत्त्वज्ञानाचाच आहे. चाळीस वर्षं आम्ही पोरांना ज्ञान म्हणजे काय ते शिकवलं, पण हरणं आणि वगळलं जाणं यातला फरक त्या पोरानं एका वाक्यात सांगितला.

हा फरक आपल्याकडे जुना आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितलेत. सुरुवात प्रमाणापासून आणि शेवट निग्रहस्थानापाशी. निग्रहस्थान म्हणजे वादात माणूस हरला असं कुठं म्हणायचं, ती जागा. अशा बावीस जागा मोजून दिल्यात. आपलीच प्रतिज्ञा सोडली, हरला. उत्तर सुचलं नाही, हरला. तेच ते पुन्हा बोलत बसला, तरी हरला. (हे शेवटचं निवृत्त प्राध्यापकांनी जरा मनावर घ्यावं.) सांगायचं एवढंच, की पराभवाला कारण लागतं. ते आधीपासून ठरलेलं लागतं आणि दोन्ही बाजूंना, शिवाय ऐकणाऱ्यांनाही, ठाऊक असावं लागतं. पण 'तू उद्यापासून वादाला येऊ नकोस, तुझ्या गावात श्रोते कमी आहेत' हे त्या बाविसांत कुठंच नाही. आणि वादाला प्रतिपक्ष हवाच. प्रतिपक्ष नसेल तर तुमचा पक्ष कितीही पक्का असो, ते नुसतं भाषण होतं. आम्ही आत्ता करतोय तसं.

आता मैदानाकडे येऊ. फुटबॉलचं उदाहरण घेतो. भोकरात फुटबॉल फारसा नाही हे आम्हाला माहीत आहे, पण गोव्यात आहे, आणि वगळलं जाणं म्हणजे काय ते तिथं अगदी स्वच्छ दिसतं.

डेंपो हा गोव्याचा क्लब. देशाची जी पहिल्या दर्जाची साखळी स्पर्धा होती, आधी तिला नॅशनल फुटबॉल लीग म्हणत, 2007 पासून आय-लीग, ती या क्लबनं पाच वेळा जिंकली. शेवटचं विजेतेपद 2011-12 चं. साळगावकर दोन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा. काही वर्षं अशी गेली की देशाचा विजेता म्हणजे गोव्यातला कोणता क्लब, एवढाच प्रश्न उरायचा. मग डेंपोचे दिवस फिरले. 2014-15 च्या हंगामात संघ मागे पडला आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या श्रेणीत घसरला. पाच वेळचा विजेता खाली गेला, आणि यात कोणावर अन्याय झाला असं कोणीही म्हटलं नाही. हे निग्रहस्थान. हरला, खाली गेला.

पुढच्याच हंगामात डेंपोनं दुसरी श्रेणी जिंकली आणि 2016 मध्ये परत वर यायचा हक्क मिळवला. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात घालावी अशी आहे. पण त्याच मे महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं साखळ्यांची नवी मांडणी पुढे ठेवली. 2014 मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग सगळ्यांत वर. ती शहरांच्या फ्रँचायझींची, पैसे भरून घेतलेल्या जागांची. आय-लीग तिच्या खाली. आणि खालून वर जायचा रस्ता? तो नाही. तळातून जिंकत याल, दुसऱ्या पायरीवर याल, तीही जिंकाल, पण त्यापुढं भिंत. जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, मागोमाग डेंपोनंही. म्हणजे जो क्लब हरून खाली गेला आणि जिंकून वर आला, त्याला वर आल्यावर कळलं, की आपण चढलो ती शिडी आता भलत्याच भिंतीला लावलेली आहे.

हे चूक का, ते नीट सांगायला हवं. नुसतं 'बिचारा गोवा' म्हणून भागणार नाही, कारण समोरच्या बाजूकडेही मुद्दे आहेत आणि ते हलके नाहीत. आय-लीगच्या सामन्यांना बहुतेक ठिकाणी पायऱ्या रिकाम्या असायच्या. टीव्हीवर कोणी बघत नव्हतं. महासंघाकडे पैसा नव्हता, म्हणून तर 2010 च्या डिसेंबरात त्यानं 15 वर्षांचा, 700 कोटी रुपयांचा करार करून व्यापारी हक्क देऊन टाकले. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 चा विजेता, तो 2010 मध्ये मालकांनीच बंद केला. पुणे एफसी 2012-13 ला दुसरा आला, 2015 मध्ये संपला. म्हणजे जुनं घर मजबूत होतं आणि कोणीतरी येऊन पाडलं, असं काही नाही. गोव्यातल्या खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, तेव्हा तिथल्या खेळाला पैसा पुरवणारे हातही आखडले असणार. आणि एक गोष्ट तर फार अडचणीची: सुपर लीगमधल्या एफसी गोवा संघाच्या सुरुवातीच्या मालकांत डेंपो घराणंही होतं. तेव्हा हा खलनायक आणि हा साधू, असं नाटक आम्हाला इथं लावता येत नाही.

शिवाय सुपर लीगनं दिलं ते दिलंच. लोक मैदानावर आले, खेळाडूंना बरे पैसे मिळाले, पोरांना भारतीय खेळाडूंची नावं कळली. हे नाकारणारा माणूस जल्प करतो. जल्प म्हणजे सत्याची पर्वा न करता जिंकण्यासाठी घातलेला वाद. आम्हाला तो करायचा नाही.

मग आक्षेप कशावर? आक्षेप या समजावर, की खेळ हा एक माल आहे आणि संघ म्हणजे त्या मालाची दुकानं. खप नसलेलं दुकान बंद करा, खप असलेल्या चौकात नवं काढा. दुकानाच्या बाबतीत हे चालतं, कारण भोकरचं किराणा दुकान चालायला हिमायतनगरचं दुकान चालू असावं लागत नाही. संघाचं तसं नाही. संघ एकटा तयारच होत नाही. डेंपो डेंपो झाला तो साळगावकर आणि चर्चिलशी खेळून. ते दोघं नसते तर डेंपोकडं कितीही पैसा असता तरी तो संघ झाला नसता, सराव करणारी अकरा माणसं झाली असती. बाजार पुन्हा मांडणारे लोक संघ मोजतात, प्रेक्षक मोजतात, शहरं मोजतात. संघांमधलं जे नातं आहे, ते मोजायला त्यांच्याकडं रकानाच नाही.

आणि हरणाऱ्याला जागा ठेवली की काय होतं, त्याचा पुरावा याच गोष्टीत पुढं आहे. मिझोरामचा आयझॉल एफसी. 2015-16 च्या हंगामात तोही खाली घसरलेला. पण गोव्याचे क्लब गेले, जागा रिकामी झाली, म्हणून आयझॉलला परत आत घेतलं. आणि पुढच्याच हंगामात, 2016-17 ला, आयझॉलनं आय-लीग जिंकली! कोलकात्याचे मोठे संघ, बेंगळुरू, सगळ्यांना मागं टाकून. ईशान्येतला तो पहिला संघ. ज्याला 'हा इथला नाही' म्हणून वर्षापूर्वी बाहेर ठेवणार होते, तो देशाचा विजेता. मग विजेत्याला सुपर लीगमध्ये जागा मिळाली का? नाही. त्याच वर्षी सुपर लीगनं संघ वाढवले, पण आयझॉलचं नाव त्यात नव्हतं. जिंकूनही वर जाता येत नसेल, तर जिंकणं या शब्दाचा अर्थ काय उरतो ते तुम्हीच सांगा. हरण्याचा हक्क काढून घेतला, की जिंकण्याचाही आपोआप जातो. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत.

पुढं 2023 पासून आय-लीगच्या विजेत्याला वर जायची वाट मिळाली. पहिलं पंजाब, मग 2024 ला कोलकात्याचं मोहम्मेडन. डेंपोही दुसऱ्या श्रेणीतून खेळत खेळत 2024-25 ला आय-लीगमध्ये परत आला. पण वरच्या साखळीतून खाली पडायची सोय मात्र 2024-25 पर्यंत आलीच नाही. आणि तो 15 वर्षांचा करार संपत आला, नवा होईना, तेव्हा 2025 च्या जुलैमध्ये आयोजकांनी पुढचा सुपर लीगचा हंगामच थांबवून ठेवला. ज्या पैशाच्या स्थैर्यासाठी एवढी मांडामांड केली, ते स्थैर्य एका कराराच्या तारखेएवढं निघालं.

कोणी म्हणेल, सर, हे भारतातलं ढिसाळ कारभाराचं उदाहरण झालं, बाहेर असं नसतं. बाहेर बघू. अमेरिकेत आपल्यासारखाच विद्यापीठांचा खेळ आहे, फक्त फार मोठा. तिथला फुटबॉल वेगळा, लांबट चेंडू हातात घेऊन धडका देत पळायचा. विद्यापीठं आपापल्या भागातल्या शेजाऱ्यांशी गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरची अशीच एक कॉन्फरन्स होती, पॅक-12. तिची मुळं 1915 पर्यंत जातात. 2022 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं तिच्यातून निघाली आणि पूर्वेकडच्या बिग टेन या गटात जायचं ठरवलं, कारण तिकडं टीव्हीचा पैसा जास्त. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेननं 7 वर्षांचा करार केला, 700 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा. वर्षभरात बाकीचेही पांगले. बारांपैकी दोन उरले: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांनी काही हरलं होतं का? नाही. त्यांची गावं लहान. पुलमन हे गव्हाच्या शेतांतलं गाव, टीव्हीवाल्यांच्या दृष्टीनं तिथं घरं कमी. 2024 चा हंगाम ही दोन विद्यापीठं दोघांचीच कॉन्फरन्स म्हणून उभी राहिली. दोघांची साखळी! आमच्या नैयायिकांना हे उदाहरण मिळालं असतं तर टीकेवर टीका लिहिली असती.

नावांचं तर काही विचारूच नका. बिग टेनमध्ये आता 18 विद्यापीठं आहेत. बिग ट्वेल्व्हमध्ये 16. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड आता अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतं. शब्द आणि अर्थ यांचा संबंध तुटला की काय होतं, हे शिकवायला आम्हाला पूर्वी तासभर लागायचा.

पण हसण्यासारखं तेवढंच. सौदा झाला फुटबॉलच्या पैशासाठी. त्याचा भार मात्र व्हॉलीबॉलच्या मुली, पोहणारी मुलं यांच्यावरही पडला. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी सुमारे 4,000 किलोमीटर. आधी शेजारी जाऊन खेळून रात्री घरी यायची ती मुलं आता देश ओलांडतात आणि सोमवारी वर्गात बसतात. ही मांडणी करणाऱ्यांनी बघणाऱ्याचा डोळा कुठं आहे ते बघितलं, खेळणाऱ्याचे पाय कुठं आहेत ते बघितलं नाही. आमची कसोटी एवढीच आहे, आणि ती घेऊन आता घरी येऊ.

आपल्या मराठवाड्याची मांडणी दोनदा तरी बदललेली आहे. 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. किनवटच्या, देगलूरच्या पोराला गुणपत्रिकेच्या एका चुकीसाठी औरंगाबाद गाठायला लागायचं. 1994 च्या सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणी (हिंगोली तेव्हा परभणीतच) इकडं आले. हेही विभाजनच. पण ते पायांसाठी केलेलं. खेळातही त्याचा फायदा झाला. आंतरविद्यापीठ स्पर्धेत आधी सगळ्या मराठवाड्याचा मिळून एक संघ जायचा, आता दोन जातात. म्हणजे मुलांना दुप्पट जागा. ज्यांना सरसकट सगळी फेररचना वाईट वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

तरी त्यात एक गोष्ट निसटली, आणि त्या वेळी आमच्यासकट कोणाच्याच लक्षात आली नाही. लातूर जिल्हा 1982 पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता. मग जिल्हे वेगळे झाले तरी विद्यापीठ एक होतं, पोरं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोरासमोर यायची. 1994 नंतर उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, तिकडं आणि लातूर इकडं. खो-खो म्हणावा तर धाराशिवचा. भारताच्या संघाची कर्णधार राहिलेली, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे तिथलीच. अशा जिल्ह्याशी दरवर्षी खेळायला मिळणं ही लातूरच्या कॉलेजांसाठी केवढी शाळा होती! हरले असते बहुतेक वेळा. पण हरून शिकले असते. आता लातूरला स्वतंत्र विद्यापीठ द्या, अशी मागणी अधूनमधून होते. व्हावं, आमचा विरोध नाही. फक्त नकाशावर रेघ मारताना कोणाचा प्रतिस्पर्धी रेघेच्या पलीकडं जातोय, हे विचारायला एक तरी माणूस त्या बैठकीत असावा.

आणि भोकरचं काय? आपली रेघ तर त्याहून जुनी. 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादला गेला, किनवट तिकडून इकडं आलं. मुधोळबरोबर भैंसाही गेलं. ती रचना आम्हाला मान्य आहे, भाषेचं राज्य मिळालं, त्यासाठी आमच्या आधीच्या पिढीनं खस्ता खाल्ल्या. पण आजही भैंशाच्या बाजारात मराठी चालते, आपल्या लेकी तिकडं दिल्यात, त्यांच्या इकडं आल्यात. लग्नाला, बाजाराला, बासरच्या दर्शनाला रेघ आडवी येत नाही. कबड्डीला येते. भारतीय विद्यापीठ संघाच्या मांडणीत महाराष्ट्र पश्चिम विभागात, गुजरात, राजस्थान, गोव्याबरोबर. तेलंगणा दक्षिण विभागात. आपला पोरगा विद्यापीठाच्या संघात निवडला गेला तर रेल्वेत एक-दोन रात्री काढून राजस्थानात खेळायला जाईल, पण तासाभरावरच्या भैंशाच्या कॉलेजशी त्याची गाठ पडायची नाही. आणि जो विद्यापीठाच्या संघात निवडला जाणार नाही, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव, त्यांचं वर्ष काय? विभागीय स्पर्धेतला एक सामना. हरले की पिशवी भरायची, टीएडीएच्या कागदावर सही करायची आणि पुढच्या वर्षीची वाट बघायची. त्या मुलाचं "कोणी बोलावतच नाही" ते हेच. त्याला भारतात पहिलं यायचं नाहीये. त्याला वर्षातून दहा-बारा वेळा बरोबरीच्या कोणाशी तरी खेळायचंय.

कोल्हापुरात काय चालतं बघा. तिथला फुटबॉल देशाच्या कुठल्याच वरच्या साखळीत नाही. पण पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, ही एका हाकेवरची मंडळं शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडतात, आणि स्टेडियम भरतं. तिथून निघालेला अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. सामना संपल्यावर तिथं कधीकधी जे होतं त्याचं कौतुक आम्ही करणार नाही. पण प्रतिस्पर्धी घराजवळ असला की खेळ कोणाच्या कृपेवाचून जगतो, एवढं तरी कबूल करावं लागतं. 2021 च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा धनाढ्य क्लबांनी आपली वेगळी बंद साखळी जाहीर केली, तेव्हा इंग्लंडमधले लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत तिथले सहाही क्लब मागं फिरले. 2016 मध्ये गोव्यात तसं झालं नाही. पायऱ्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या, रस्त्यावर यायचं कोणी? हे कटू आहे, पण ते महासंघाच्या खात्यात टाकता येणार नाही. ते बघणाऱ्यांच्या, आपल्या खात्यात आहे. भोकरच्या मैदानावर शेवटचा आंतरमहाविद्यालयीन सामना तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिला? आम्हीही हात वर करत नाही.

पुलमनचं अर्धवट सोडलं, ते सांगतो. वॉशिंग्टन स्टेट आणि सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ यांचा सामना 1900 पासूनचा. सिएटलवाले बिग टेनमध्ये गेल्यावर तो बंद पडेल असं वाटत होतं. पण दोघांनी कॉन्फरन्सच्या बाहेर करार केला, 2028 पर्यंत दरवर्षी खेळायचंच. 14 सप्टेंबर 2024 ला सिएटलमध्ये खेळले. मागं राहिलेल्या पुलमनवाल्यांनी 24-19 नं जिंकलं.

आता आम्ही त्या मुलाला उत्तर देतो, तो मागं बसलाय, आम्हाला दिसतोय. विद्यापीठाचा विभाग बदलणं तुझ्या हातात नाही, आमच्याही नाही. पण भैंशाशी सामना खेळायला विद्यापीठाच्या परवानगीची गरज काय? प्रमाणपत्र मिळणार नाही, गुण मिळणार नाहीत, एवढंच. एक सामना इथं, एक तिथं. मैदान आहे, चुना आहे, पंच म्हणून दोन्हीकडचे निवृत्त पीटीचे सर मिळतील. जायला एक जीप लागेल, तिचं भाडं आम्ही देतो. आजच्या मानधनातून भागेल. नाहीतरी ते आयोजकांनी अजून दिलेलं नाही, तेव्हा आता तरी देतील. तिकडच्या कॉलेजला पत्र मराठीत लिहायचं की तेलुगूत, आणि सही कोणाची, तेवढं आज उठायच्या आधी ठरवून टाका.